उशाशी ठेवलेली कात्री

रुग्णालयातल्या खाटेच्या उशाशी काय काय असते? पाण्याचा तांब्या, औषधाच्या बाटल्या, तापाचा तक्ता. १९५० नंतरच्या काही दशकांत मात्र एका विशिष्ट आजाराच्या रुग्णाच्या उशाशी एक कात्री ठेवलेली असे आणि ती जागची हलवायची नाही, असा वॉर्डात सक्त नियम असे. रुग्णाच्या नाकातून एक जाडसर रबरी नळी पोटात गेलेली असायची. रुग्ण अचानक गुदमरू लागला, तर परिचारिकेने कोणाला विचारायचे नाही, डॉक्टरांची वाट पाहायची नाही. कात्री उचलून ती नळी नाकासमोरच आडवी कापायची आणि ओढून काढायची. परिचारिकेने पूर्णपणे स्वतःच्या निर्णयाने करायच्या गोष्टी त्या काळी फार थोड्या होत्या. ही त्यांपैकी एक.

ती नळी कशासाठी होती, कात्री का लागायची आणि आज या दोन्ही गोष्टी क्वचितच का दिसतात, हा वैद्यकाच्या इतिहासातला एक बोधप्रद भाग आहे. त्यात पदार्थविज्ञान आहे, रसायन आहे, थोडे संख्याशास्त्रही आहे. आणि शुश्रूषेचे नियम कसे घडतात व कसे मोडतात, तेही त्यात दिसते.

आधी आजार समजून घेऊ. शरीरातल्या बहुतेक अवयवांकडून निघालेले अशुद्ध रक्त सरळ हृदयाकडे जाते. पचनसंस्थेचा अपवाद आहे. जठर, आतडी आणि प्लीहा यांच्याकडचे रक्त एका मोठ्या शिरेत गोळा होते आणि ही शीर हृदयाकडे न जाता यकृतात शिरते. तिला पोर्टल शीर म्हणतात. ‘पोर्टा’ म्हणजे लॅटिन भाषेत दरवाजा. यकृताच्या ज्या खाचेतून ही शीर आत जाते तिला जुन्या शरीरशास्त्रज्ञांनी यकृताचा दरवाजा मानले होते. मिनिटाला सुमारे एक लिटर रक्त या दरवाज्यातून आत जाते, तेथे पुन्हा केशवाहिन्यांत विभागले जाते, गाळले-तपासले जाते आणि मग हृदयाकडे निघते. जकात नाक्यावरून आल्याशिवाय माल गावात येऊ द्यायचा नाही, तसा हा प्रकार.

आता नाकाच तुंबला तर? वर्षानुवर्षांचे मद्यपान, ब किंवा क प्रकारची विषाणूजन्य कावीळ, यकृतात साठलेली चरबी अशा कारणांनी यकृत निबर होते, त्यात गाठी आणि व्रणाच्या दोऱ्या तयार होतात. यालाच सिरोसिस म्हणतात. रक्ताला आत शिरायला विरोध वाढतो. विद्युतमंडलात प्रवाह आणि रोध यांचा गुणाकार म्हणजे विभवांतर, हे आपण वर्गात शिकवतो. येथे विभवांतराच्या जागी दाब ठेवा. पोर्टल शीर आणि यकृतातून बाहेर पडणाऱ्या शिरा यांच्यातला दाबाचा फरक एरवी पाऱ्याच्या ५ मिलिमीटरच्या आत असतो. तो १० च्या वर गेला की रक्त आडवाटा शोधू लागते. अन्ननलिकेच्या तळाशी अशी एक आडवाट आहे. एरवी दोऱ्यासारख्या बारीक असणाऱ्या तिथल्या शिरा फुगून वेड्यावाकड्या होतात, पायाच्या पोटरीवर फुगलेल्या शिरा दिसतात तशा. दाबाचा फरक १२ च्या वर गेला की त्या फुटू शकतात.

फुटण्यामागचे गणित लाप्लासच्या नियमाचे आहे. नळीच्या भिंतीवरचा ताण हा आतला दाब आणि त्रिज्या यांच्या गुणाकाराबरोबर वाढतो आणि भिंत पातळ असेल तर आणखी वाढतो. शीर फुगते तेव्हा तिची त्रिज्या वाढते आणि भिंत पातळ होते, म्हणजे ताण दोन्हीकडून वाढतो. वर्गात लांबट फुगा अर्धवट फुगवून दाखवावा. जिथे तो आधीच फुगला आहे तिथेच तो आणखी सहज फुगतो, हे मुलांच्या लगेच लक्षात येईल.

आणि ही शीर फुटते तेव्हा कसलीही पूर्वसूचना नसते. जेवून बसलेला माणूस अचानक तांब्याभर रक्त ओकतो. वेदना जवळजवळ नसतेच. घरातल्या माणसांच्या मनावर तो प्रसंग कायमचा कोरला जातो.

या आजारावरच्या उपायांचा इतिहास एका कुत्र्यापासून सुरू होतो. १८७७ साली रशियात सेंट पीटर्सबर्ग येथे निकोलाय एक नावाच्या तरुण शल्यचिकित्सकाने आठ कुत्र्यांवर एक शस्त्रक्रिया केली. पोर्टल शीर त्याने हृदयाकडे जाणाऱ्या महाशिरेला जोडली आणि यकृताकडची बाजू बांधून टाकली. यकृताला वळसा घालून रक्त सरळ हृदयाकडे! जलोदराच्या रुग्णांना याचा उपयोग होईल अशी त्याची कल्पना होती. सात कुत्री आठवड्याभरात मेली. आठवे अडीच महिने जगले आणि मग प्रयोगशाळेतून पळून गेले. एवढ्या पुराव्यावर एकने जाहीर केले की, माणसांवर ही शस्त्रक्रिया करण्यातली मुख्य अडचण आता दूर झाली आहे! पळून गेलेल्या कुत्र्याचे पुढे काय झाले हे कोणी पाहिले नाही आणि माझ्या मते या सगळ्या गोष्टीतला कळीचा मुद्दा तोच आहे.

ते पाहिले इव्हान पाव्हलॉव्हने. घंटा आणि लाळेच्या प्रयोगांमुळे आपल्याला माहीत असलेला हा शास्त्रज्ञ मुळात अतिशय कुशल शल्यचिकित्सक होता. १८९३ साली त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हीच शस्त्रक्रिया साठेक कुत्र्यांवर केली. त्यांतली वीसेक जगली. ही कुत्री काही दिवस ठीक असत. पण मांस खाल्ले की चिडखोर होत, झोकांड्या खात, आंधळ्यासारखी वागत, झटके येत आणि काही बेशुद्ध पडून मरत. दूध आणि पाव यांवर ठेवलेली कुत्री बरी राहत. यकृत रक्तातले काहीतरी विषारी द्रव्य काढून टाकते आणि ते मांसातल्या प्रथिनांपासून येते, हे यातून निघाले. त्या द्रव्यांपैकी एक अमोनिया. पाव्हलॉव्हच्या प्रयोगशाळेत पुढे शस्त्रक्रियेनंतर कुत्र्यांना ठेवण्यासाठी वेगळ्या स्वच्छ खोल्या होत्या. एकची कुत्री का मेली आणि पाव्हलॉव्हची का जगली, याच्या उत्तरातला काही भाग शस्त्रक्रियेनंतरच्या शुश्रूषेत आहे.

१९४५ साली न्यूयॉर्कमध्ये अ‍ॅलन व्हिपल आणि आर्थर ब्लेकमोर यांनी एकची जोडणी माणसांत पद्धतशीर वापरायला सुरुवात केली. पोर्टल शिरेतला दाब उतरे, फुगलेल्या शिरा आकसत, रक्तस्राव थांबे. पुढची वीस वर्षे ही शस्त्रक्रिया जगभर झाली आणि तिच्याविषयी भरभरून लिहिले गेले.

१९६६ साली बोस्टनच्या ग्रेस, म्यूंच आणि चामर्स या तिघांनी या लिखाणाची झडती घेतली. त्यांनी ५१ शोधनिबंध घेतले आणि दोनच प्रश्न विचारले: लेखक शस्त्रक्रियेवर किती खूश आहेत, आणि त्यांनी तुलना कशाशी केली आहे? ज्या ३२ निबंधांत तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता, त्यांतले २४ शस्त्रक्रियेवर अतिशय खूश होते. तुलनेचा गट होता पण तो सोयीने निवडलेला होता अशा १५ निबंधांत १० अतिशय खूश. आणि कोणावर शस्त्रक्रिया करायची हे चिठ्ठ्या टाकून ठरवले होते असे फक्त चार निबंध होते. त्यांतला एकही अतिशय खूश नव्हता. एक मध्यम, तीन नाखूश.

हा तक्ता फळ्यावर लिहून काढण्याजोगा आहे. शस्त्रक्रिया तीच, आजार तोच, शल्यचिकित्सकही प्रामाणिकच. मग फरक कुठला? समजा, एखादा क्लास दहावीसाठी फक्त नववीत ८० टक्के मिळवलेलीच मुले घेतो आणि निकालानंतर वर्तमानपत्रात त्यांचे फोटो छापतो. यश क्लासचे की निवडीचे? रक्त ओकून आलेले सर्वांत गंभीर रुग्ण पहिल्या काही दिवसांतच दगावत. शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत जे पोचत ते मुळात टिकून राहिलेले, जरा बऱ्या यकृताचे. चिठ्ठ्या टाकून केलेल्या चाचण्यांत दिसले ते असे, की शस्त्रक्रियेने रक्तस्राव थांबतो, पण माणसे त्यामुळे फारशी जास्त जगत नाहीत. रक्तस्रावाने न मरता ती यकृत निकामी होऊन मरतात, आणि मधल्या काळात अनेकांना पाव्हलॉव्हच्या कुत्र्यांना झाला तोच मेंदूचा त्रास होतो. पळालेले कुत्रे अखेर सापडले, असे म्हणायला हरकत नाही.

ही झाली शस्त्रक्रियेची गोष्ट. पण रात्री दोन वाजता रक्त ओकत आलेल्या माणसाचे काय करायचे? त्याला टेबलापर्यंत पोचवायचे कसे? त्यासाठी ती नळी होती. ब्लेकमोर आणि रॉबर्ट सेंगस्टाकेन यांनी १९५० साली तिचे वर्णन प्रसिद्ध केले आणि दोघांच्याही नावांनी ती ओळखली जाते.

रचना साधी आणि हुशार होती. एका नळीत तीन पोकळ्या. एकीचे तोंड जठरात उघडते, तिच्यातून जठरातले रक्त ओढून काढायचे. दुसरी जठरातल्या गोल फुग्याला जाते, तिसरी अन्ननलिकेतल्या लांबट फुग्याला. आधी जठरातला फुगा हवेने फुगवायचा, साधारण मोठ्या पेल्यात मावेल एवढा, आणि नळी हळूच बाहेर ओढायची. फुगा जठराच्या तोंडाशी बुचासारखा बसतो आणि खालून वर जाणाऱ्या शिरा दाबल्या जातात. तेवढ्याने भागले नाही, तर अन्ननलिकेतला फुगा पाऱ्याच्या ३० ते ४० मिलिमीटर दाबाने फुगवायचा. धमनीतल्या रक्तस्रावाला एवढ्याशा दाबाने काहीच झाले नसते, कारण तिथला दाब १२० पर्यंत असतो. पण येथे रक्त येते आहे ते शिरांमधून. तेवढा दाब पुरतो.

आणि आता परिचारिकेची पाळी सुरू होते. नळी घालणे हे डॉक्टरचे पंधरा-वीस मिनिटांचे काम. ती सांभाळणे हे सिस्टरांचे चोवीस तासांचे.

घालण्याआधी दोन्ही फुगे पाण्याखाली फुगवून बुडबुडे येतात का ते पाहायचे, सायकलच्या दुकानात पंक्चर शोधतात तसे. नळीच्या तीन तोंडांवर तीन ठळक चिठ्ठ्या लावायच्या, कारण घाईत कोणी फुग्याच्या तोंडात पाणी सोडले किंवा भलतीकडची हवा काढली तर अनर्थ. क्ष-किरणचित्रात फुगा जठरातच आहे अशी खात्री झाल्याशिवाय तो पूर्ण फुगवायचा नाही, कारण तो चुकून अन्ननलिकेत फुगला तर अन्ननलिका फाटते. बाहेर ओढून धरण्यासाठी कप्पीवरून सुमारे अर्ध्या किलोचे वजन टांगत. अमेरिकेत तर रुग्णाच्या डोक्यावर तिथल्या फुटबॉलचे शिरस्त्राण घालून त्याच्या जाळीला नळी बांधत! हास्यास्पद दिसणारी ही युक्ती फार उपयोगी होती. रुग्ण कूस बदलला तरी ओढ तीच राहते.

रुग्णाला थुंकी गिळता येत नाही. तोंडात सतत लाळ साठते आणि माणूस गुंगीत असेल तर ती श्वासनलिकेत उतरते. म्हणून खाटेची डोक्याकडची बाजू उंच, तोंडातली लाळ सतत ओढून काढणे आणि घशावर नजर. १९६८ मध्ये मिनेसोटात या नळीला चौथी पोकळी जोडली गेली, ती याच लाळेसाठी. नाकपुडी चिघळू नये म्हणून तिथे मऊ स्पंज. ठरावीक तासांनी अन्ननलिकेतला फुगा थोडा वेळ सैल करायचा, कारण शीर दाबणारा दाब बराच वेळ राहिला तर अन्ननलिकेच्या अस्तराचाही रक्तपुरवठा तुटतो आणि ते मरते. फुगा किती काळ ठेवायचा याची मर्यादा पुढे चोवीस तासांवर आली. दर तासाला फुग्यातला दाब मोजून लिहायचा. नाडी, रक्तदाब, लघवीचे मोजमाप तर होतेच.

आता कात्रीकडे येऊ. जठरातला फुगा हा सगळ्या रचनेचा नांगर आहे. तो फुटला किंवा त्यातली हवा गळाली, तर बाहेरची ओढ कायम असते आणि अन्ननलिकेतला फुगलेला फुगा वर सरकून घशात बसतो. श्वासमार्ग बंद. हवा काढायला नळीच्या तोंडावरचे चिमटे सोडत बसायला वेळ नसतो. नळी आडवी कापली की सगळ्या पोकळ्या एकदम उघडतात, फुगे क्षणात बसतात आणि नळी बाहेर येते. म्हणून कात्री, म्हणून उशाशी, आणि म्हणून ‘कोणाला विचारू नका’ हा नियम.

हॅरल्ड कॉन या अमेरिकन यकृततज्ज्ञाने १९५८ मध्ये या नळीच्या धोक्यांकडे लक्ष वेधले आणि १९६७ मध्ये तर नळीमुळेच होणाऱ्या मृत्यूंवर निबंध लिहिला. नळी बहुतेकांचा रक्तस्राव थांबवी, पण हवा सोडल्यावर जवळजवळ निम्म्यांना तो पुन्हा होई. म्हणजे ती उपाय नव्हती, उसना वेळ होती. असा उसना वेळ देणाऱ्या साधनाची किंमत ते सांभाळणाऱ्या हातांवर ठरते. एकाच नळीने एका वॉर्डात जीव वाचावेत आणि दुसऱ्या वॉर्डात जावेत, असा हा मामला होता.

शारीरिक त्रासाबद्दल मी लिहिले, पण या रुग्णाला दुसरेही एक संकट असते. जठरात आणि आतड्यात साचलेले रक्त हेदेखील प्रथिनच आहे. निरोगी माणसाच्या एक लिटर रक्तात सुमारे दोनशे ग्रॅम प्रथिने असतात. म्हणजे एक लिटर रक्त आतड्यात उतरणे हे तीसेक अंडी एकदम खाण्यासारखे आहे. आतड्यातले जीवाणू त्यापासून अमोनिया बनवतात, आजारी यकृत तो काढू शकत नाही, आणि रुग्णाचे डोके फिरते. आधी झोपेची वेळ उलटी होते, दिवसा पेंग आणि रात्री जाग. मग भ्रम, चिडचिड. हात पुढे धरायला सांगितले तर पंजे पक्ष्याने पंख हलवावेत तसे झडझडतात; हे लक्षण बोस्टनच्या अ‍ॅडम्स आणि फोली यांनी १९४९ साली नोंदले. ज्याच्या नाकात नळी आहे तोच माणूस भ्रमात ती उपटू पाहतो, हे लक्षात घेतले म्हणजे रात्रपाळीच्या सिस्टरांची कसोटी कळेल.

हे बिघडणे सगळ्यांत आधी कळते तेही त्यांनाच. त्यासाठीची साधने आपल्या शाळेतली आहेत: कागद आणि पेन्सिल. रुग्णाकडून रोज सही घ्यायची, पाच टोकांची चांदणी काढून घ्यायची, विखुरलेले आकडे क्रमाने रेषेने जोडायला सांगून घड्याळ लावायचे. तक्त्याला टाचलेल्या सात दिवसांच्या सात सह्या पाहिल्या की मेंदू कोणत्या दिशेला चालला आहे ते दिसते. १९६६ साली योहानेस बिर्शर आणि सहकाऱ्यांनी यावर लॅक्ट्युलोज ही साखर वापरली. ती लहान आतड्यात पचत नाही. मोठ्या आतड्यात जीवाणू तिच्यापासून आम्ल बनवतात. आम्लात अमोनियाचे रूपांतर अमोनियम आयनात होते आणि भारित आयन आतड्याच्या अस्तरातून सहज रक्तात जात नाही. शिवाय पोट साफ होते. दिवसातून दोन-तीन वेळा मऊ शौचास झाले पाहिजे, हे मोजून औषधाचे प्रमाण ठरते. शौचाचा हिशेब ठेवणे हे कमी प्रतीचे काम वाटत असेल, तर येथे ते औषधाच्या मात्रेचे मोजमाप आहे.

नळीची गरज कमी झाली ती दोन वाटांनी. पहिली दुर्बिणीची. क्राफोर्ड आणि फ्रेंकनर यांनी १९३९ मध्येच स्टॉकहोममध्ये एका तरुणीच्या अन्ननलिकेत नळकांडे घालून फुगलेल्या शिरांत त्या बुजवणारे इंजेक्शन दिले होते. शस्त्रक्रियेच्या उत्साहात ते मागे पडले. वळणारी दुर्बीण आल्यावर सत्तरच्या दशकात ते पुन्हा वर आले. आणि मग तोच उत्साह, रक्तस्राव न झालेल्यांनाही आधीच इंजेक्शने देण्यापर्यंत. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन चाचणीत अशा इंजेक्शनांच्या गटात मृत्यू जास्त निघाले आणि ती चाचणी मध्येच थांबवावी लागली. १९६६ चा धडा एकदा शिकून पुरत नाही, असे दिसते. त्याआधीच, १९८६ मध्ये, डेन्व्हर येथील ग्रेग स्टीगमन यांनी मूळव्याधीच्या कोंबाला रबराचे कडे बसवण्याची जुनी युक्ती दुर्बिणीच्या टोकावर आणली होती. शीर शोषून घ्यायची आणि तिच्या गळ्यात कडे सोडायचे. काही दिवसांत बांधलेला भाग गळून पडतो आणि तिथे छोटा व्रण राहतो. म्हणून घरी जाताना रुग्णाला मऊ जेवण आणि पुढच्या दोन आठवड्यांत काळे शौच झाले तर लगेच परत येण्याची सूचना, हे परिचारिकेनेच पाठ करून घ्यायचे असते.

दुसरी वाट औषधांची. पॅरिसजवळच्या बोजों रुग्णालयातल्या दिदिये लब्रेक यांनी १९८० मध्ये दाखवले, की रक्तदाबावरच्या प्रोप्रानोलॉल या गोळीने पोर्टल दाब उतरतो. १९८१ च्या त्यांच्या चाचणीत ७४ रुग्ण होते. गोळी घेणाऱ्यांत वर्षभरात ४ टक्क्यांना पुन्हा रक्तस्राव झाला, न घेणाऱ्यांत ५० टक्क्यांना. पुढच्या चाचण्यांत फरक इतका मोठा राहिला नाही, पण राहिला. गोळीची मात्रा नाडी मोजून ठरवत: ठोके एक चतुर्थांशाने कमी होईपर्यंत वाढवायची. मोजायला मनगट आणि सेकंदकाट्याचे घड्याळ पुरे. दिल्लीच्या गोविंद बल्लभ पंत रुग्णालयात सरीन आणि सहकाऱ्यांनी या गोळीची आणि रबरी कड्यांची थेट तुलना केली. ८९ रुग्णांची ती चाचणी १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली आणि पहिला रक्तस्राव टाळण्यात कडी सरस ठरली. आज ठोक्यांबरोबर रक्तदाबही पाहतात आणि कार्व्हेडिलॉल या त्याच कुळातल्या गोळीला पसंती आहे.

या काळात शुश्रूषेचे कितीतरी ‘उघड’ नियम उलटले. बर्फाच्या पाण्याने जठर धुण्याची रीत गेली. थंडीने रक्त गोठणे उलट मंदावते. पण सर्वांत मोठा उलटफेर रक्ताच्या पिशवीचा. रक्त गेले आहे तर भरपूर द्या, यापेक्षा स्वाभाविक काय? बार्सिलोनात व्हिलान्युएवा आणि सहकाऱ्यांनी पोटातल्या रक्तस्रावाच्या ९२१ रुग्णांची चिठ्ठ्या टाकून विभागणी केली. एका गटाला हिमोग्लोबिन ९ च्या खाली गेले की रक्त, दुसऱ्याला ७ च्या खाली गेले तरच. २०१३ मध्ये निकाल आला: सहा आठवड्यांनी हात राखून रक्त दिलेल्या गटात ९५ टक्के जिवंत होते, सढळ हाताने दिलेल्या गटात ९१ टक्के. सिरोसिसच्या रुग्णांत पोर्टल दाब मोजला, तर सढळ गटात तो वाढलेला होता. टाकीत पाणी वाढवले की फुटक्या नळाची धार वाढते, एवढेच. तरीही पांढऱ्याफटक चेहऱ्याच्या रुग्णाच्या नातेवाइकांना ‘अजून रक्त नको’ हे समजावून सांगणे सोपे नसते, आणि ते काम बहुधा सिस्टरांच्याच वाट्याला येते.

तसेच प्रथिनांचे. पाव्हलॉव्हच्या कुत्र्यांपासून निघालेला ‘मांस, अंडी, डाळ बंद’ हा नियम वॉर्डात कित्येक दशके पाळला गेला. २००४ मध्ये बार्सिलोनाच्याच हुआन कोर्दोबा यांनी चिठ्ठ्या टाकून दाखवले, की नेहमीचे प्रथिन घेणाऱ्यांचा मेंदूचा त्रास वाढत नाही. उलट प्रथिने तोडलेल्यांचे स्नायू मात्र झिजतात. स्नायूही अमोनिया काढून टाकतात, हे आपण विसरलो होतो. म्हणून आता अशा रुग्णाला पुरेशी प्रथिने आणि झोपण्यापूर्वी थोडे खाणे, असा सल्ला असतो. रक्तस्राव होताच प्रतिजैविके देणे, आतड्याच्या शिरा आकसणारे टर्लिप्रेसिनसारखे इंजेक्शन लगेच सुरू करणे, या गोष्टींची भर पडली. पॅरिसच्या एका रुग्णालयात १९८० मध्ये असे शंभरातले ४२ ते ४३ रुग्ण दगावत. २००० मध्ये हे प्रमाण १४ ते १५ वर आले होते. नळी अजूनही कपाटात असते, दुर्बीण हाताशी नसेल किंवा हरली तर काही तासांपुरती. आणि ती घातली की कात्रीही लागतेच.

भारतात या आजाराचे आणखी एक रूप पाहायला मिळते आणि शिक्षकांनी ते जाणून घ्यावे असे आहे. काही मुलांमध्ये यकृत चांगले असते, पण पोर्टल शीरच लहानपणी गोठून बंद झालेली असते. नवजात अवस्थेत नाळेच्या जागी झालेला जंतुसंसर्ग हे एक कारण. मूल हसते-खेळते असते, फक्त प्लीहा वाढलेली. मग एखाद्या दिवशी, कधी तापात घेतलेल्या अ‍ॅस्पिरिनसारख्या गोळीनंतर, ते रक्ताची उलटी करते. यकृत शाबूत असल्याने ही मुले रक्तस्रावातून बहुधा सावरतात आणि शाळेत परत येतात. प्लीहेला मार लागू नये म्हणून अंगाला अंग भिडणारे खेळ त्यांना वर्ज्य, बाकी शाळा सगळी.

अशा मुलांसाठी १९९२ मध्ये बेल्जियमचे ज्यां द व्हिल द ग्वाये यांनी एक शस्त्रक्रिया वर्णन केली. मुलाच्याच मानेतली शीर घेऊन तिने आतड्याकडची मोठी शीर यकृताच्या आतल्या पोर्टल शाखेला जोडायची. बंद भागाला वळसा, पण यकृताला नाही. एकने रक्त यकृतापासून तोडले होते, येथे ते परत यकृतात नेले जाते. शिकागोतल्या डॉक्टरांनी या शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर मुलांच्या आकलनाच्या चाचण्या घेतल्या आणि २००६ मध्ये निष्कर्ष छापले. शस्त्रक्रिया यशस्वी झालेल्या मुलांची नवे प्रश्न सोडवण्याची क्षमता सुधारली होती. रक्त यकृताला बगल देऊन वाहत होते, तोवर ही मुले थोडी मंद, विसरभोळी वाटत. आजाराची म्हणून ती खूण कोणी धरलीच नव्हती.